न विचारण्याची रीत

एप्रिल लागला की आमच्या कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावरचा व्हरांडा पुटपुटायला लागतो. तोंडी परीक्षा, म्हणजे मुलांच्या भाषेत ओरल, सुरू झालेली असते. भिंतीला पाठ लावून मुलं ओळीनं खाली बसलेली असतात. मांडीवर फायली, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. खिडकीतून गरम वारा आणि खडीच्या खाणींची पांढरी धूळ आत येते. झेरॉक्सच्या कागदांचा कोमट वास सगळीकडे भरून राहतो. आवारातला बहावा मात्र या कशाचीही दखल न घेता पिवळाधमक फुललेला असतो.

परीक्षक म्हणून टेबलाच्या या बाजूला बसून मला आता पुष्कळ वर्षं झाली. तरी पहिल्या मुलाचं नाव पुकारण्याआधी मी ते यादीत तीनदा वाचते. कोणाशीही पहिलं वाक्य बोलायचं म्हणजे मला अजून दम गोळा करावा लागतो. हल्लीची मुलं सरळ सांगून मोकळी होतात, "मॅम, मी इंट्रोव्हर्ट आहे." जणू रक्तगट सांगावा तसं. मला त्यांचा हेवा वाटतो. आमच्या वेळी त्यासाठी असा शांत शब्द नव्हता. घुमी, माणूसघाणी, आखडू असे शब्द होते. पुण्यात आणखी एक होता, तो जास्त लागायचा : शिष्ट. शिष्टाचार पाळत नाही म्हणून शिष्ट!

मी वाईहून आले होते. वाघोलीला नव्यानंच निघालेल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर घेतलेलं. तेव्हा वाघोलीत कॉलेजच्या भिंतीपलीकडे ज्वारी उभी असायची आणि लोकांनी नुकत्याच विकलेल्या जमिनींना काटेरी तारा लागत होत्या. राहायला मात्र मी सदाशिव पेठेत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत. दोन खाटा, दोन टेबलं, एक खिडकी. घरमालकीण काकू शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "पाणी सहा ते सात. त्यानंतर आंघोळ करायची असेल तर वाईला जा."

दुसऱ्या खाटेवर वनिता लांजेवार होती. भंडाऱ्याच्याही पुढच्या गावची, माझ्याच वर्गातली. सावळी, उंच, लांब वेणी. पहिल्या संध्याकाळी आम्ही एकमेकींना नावं सांगितली आणि मग दोघीही आपापल्या भिंतीकडे तोंड करून बसलो. तासाभरानं ती उठली, तिनं ट्यूबलाइटकडे बोट दाखवलं आणि भुवया उंचावल्या. मी मान हलवली. तिनं दिवा लावला. त्या क्षणी मला वाटलं, चला, सुटले. ही मला "काय गं, गप्प का?" असं विचारणार नाही.

आणि तिनं कधी विचारलंही नाही. अडीच वर्षं आम्ही त्या खोलीत अशा राहिलो की काकू म्हणायच्या, "तुम्ही दोघी आहात ना नक्की? की भाडं भुतांकडून घेतेय मी?" पण ते गप्प राहणं कोरडं नव्हतं. माझं डोकं दुखत असलं की टेबलावर न सांगता आल्याचा चहा येई. तिची कॉटवर वाळत टाकलेली ओढणी मी घडी करून ठेवी. डबा उघडल्यावर मला शेपूची भाजी आवडत नाही हे तिला कळलं होतं आणि तिला ताक लागतं हे मला. यातलं एकही वाक्य आम्ही बोललो नव्हतो. दिवसभर वर्गात, बसमध्ये, कँटीनमध्ये जे हाय-हॅलो, वाढदिवसाचे केक, पाठीवर थापा आणि "काय मग, कसं काय?" असायचं, त्यातून अंग चोरत परत आलं की ती खोली म्हणजे सावली वाटायची. त्याच दिवसांत पेठेतल्या प्रत्येक जिन्याला व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांचे बोर्ड लागले होते. कंपन्या येणार होत्या, अमेरिका उघडणार होती, आणि प्लेसमेंटचे सर ओरडून सांगायचे, "चुकीचं बोला, पण बोला! गप्प बसणाऱ्याला कॉम्प्युटरसुद्धा नोकरी देणार नाही." वर्ग हसायचा. आम्ही दोघी वह्यांत बघायचो.

तिसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत प्रत्येकाला वर्गासमोर दहा मिनिटं बोलायचं होतं. सेमिनार. इंग्रजीतून. वनितानं पंधरा दिवस सगळं पाठ केलं होतं. खिडकीशी उभी राहून ती ओठ हलवायची. तिच्या प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीटांवरचं अक्षर मोत्यासारखं होतं. त्या दिवशी ती उभी राहिली आणि नीट बोललीही. आवाज बारीक होता, पण अडखळली नाही. मी तिसऱ्या बाकावर बसून तिच्याबरोबर श्वास घेत होते. शेवटी सरांनी एक प्रश्न विचारला, पाठ केलेल्यात नसलेला. वनिता गोंधळली. इंग्रजी सुटलं, पुस्तकी मराठीही सुटली, आणि ती म्हणाली, "नाही जी सर, तसं नाही होत जी."

मग अख्खा वर्ग फुटला. सरही हसले, हात वर करून "ओके, ओके" म्हणाले.

आणि मी हसले.

मला हसू आलं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण साठ जणांत एकटीनं न हसणं म्हणजे सगळ्यांच्या नजरेत येणं, आणि नजरेत न येण्याची मला इतकी सवय होती की माझं तोंड आपोआप बाकीच्यांसारखं झालं. वनिता सगळ्यांकडे बघत नव्हती. ती माझ्याकडेच बघत होती. त्या वर्गात बघण्यासारखं तिला दुसरं होतं तरी कोण?

जी. तिच्या गावाकडे तो साधा आदर होता. वडिलांना जी, बसच्या कंडक्टरला जी, दारावर आलेल्या भाजीवालीलाही जी. आमच्या वर्गात कोणाला कोणाशी इतकं अदबीनं बोलता येत नव्हतं. पण त्या दिवसापासून व्हरांड्यात, बसस्टॉपवर, जिन्यात तिला "काय जी?", "कसं काय जी?" सुरू झालं. चिडवणाऱ्यांच्या मनात फार काही वाईट नव्हतं. ते त्याला दोस्तीच समजत. ती मान खाली घालून बाजूनं निघून जाई. मग मागून यायचं, "शिष्टच आहे!"

त्या संध्याकाळी मी न्हाणीघरात नळ सोडून वाक्य तयार केलं. वनिता, मी हसायला नको होतं. चार-पाच वेळा म्हणून पाहिलं. बाहेर आले तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हणाले, "उद्या पाणी लवकर जाणार आहे म्हणे."

"हो का," ती म्हणाली.

बस्स. त्यानंतर ते वाक्य माझ्या घशात जे बसलं ते बसलंच.

मार्च लागला. वनिता सकाळी नेहमीसारखी तयार होऊन, बॅग घेऊन माझ्या आधी निघायची. मी वर्गात पोचायचे तेव्हा ती नसायची. पहिले दोन दिवस वाटलं, बस चुकली असेल. तिसऱ्या दिवशी हजेरी सुरू झाली. "बत्तीस," सर म्हणाले. बत्तीस वनिताचा नंबर. कोणी बोललं नाही. सरांनी मान वर केली, आणि मी, जी स्वतःच्या नंबरालाही जेमतेम ऐकू येईल अशी ओ द्यायचे, ती आवाज थोडा जाड करून म्हणाले, "येस सर."

रोज म्हणत गेले. पंधरा दिवस, महिना, दीड महिना. मला वाटायचं, तिच्यासाठी एवढं तरी करतेय. खोलीवर परतल्यावर ती आधीच आलेली असायची. ओढणीला कधी वाळलेल्या गवताच्या काड्या चिकटलेल्या असायच्या, बोटांना संत्र्याच्या सालीचा कडवट-गोड वास यायचा. डब्यातलं अर्धं अन्न ती तसंच झाकून ठेवायला लागली होती. गालाची हाडं वर आली होती. मी सगळं बघत होते, सगळं. कोणी पाहिलं नाही, असं झालंच नाही. पण विचारायचं कसं? माणसाला बोलावंसं वाटलं तर तो बोलेल. नको तिथं नाक खुपसू नये. जे लोक मला सारखं खोदून विचारायचे त्यांचा मला तिटकारा होता. मी तशी नव्हते, आणि त्याचा मला थोडा अभिमानच होता. माझी भीती मी इतकी छान सभ्यपणात गुंडाळली होती की मलाही ती ओळखू येत नव्हती.

एप्रिलातली ती गुरुवारची सकाळ. दुपारी दोनला आमची ओरल होती. मी उठले तेव्हा वनिता गेलेली होती, पण तिची बॅग खुंटीवर होती. खाटेवरची गादी गुंडाळून दोरीनं बांधलेली. मी बराच वेळ त्या बॅगेकडे बघत बसले. मग फाईल उघडली आणि उत्तरं पाठ करायला लागले. हे पुन्हा लिहिते. मी पाठ करायला लागले.

दहाच्या सुमाराला काकूंनी खालून हाक मारली. त्यांच्या बाहेरच्या खोलीत एक गृहस्थ खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. पांढरा सदरा, पायांशी तांदळाची पिशवी. मला बघून उभे राहिले.

"मी वनिताचा बाबा. तुम्ही मेधा नं जी?"

मी मान हलवली.

"तीन हप्ते झाले, पोरीचं पत्र नाही आलं. मी पोस्टातच आहो जी. साऱ्या गावाची पत्रं माह्या हातानं जातात, हिचंच नाही. मंग राहवलं नाही, बसलो गाडीत." ते थोडं हसले. "कॉलेजात गेली असंल नं?"

"हो," मी म्हणाले.

किती सहज म्हणाले! काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. ते प्यायले, आणि माझ्याकडे फार मायेनं बघत म्हणाले, "तिच्या पत्रात तुमचं नाव असतेच. लिहिते, मेधा लई चांगली आहे, काहीच विचारत नाही."

मग पिशवी तिथंच ठेवून ते निघाले. कॉलेजातच जाऊन भेटतो म्हणाले, बस कुठून मिळते ते काकूंना विचारलं. त्यांची पाठ जिन्याकडे वळली. दोन पायऱ्या उतरले, तीन.

"काका, ती तिथं नाहीये."

ते वळले.

"दीड महिना झाला, ती कॉलेजला येत नाही. रोज निघते. कुठे जाते मला माहीत नाही. आज बॅगही नेली नाही."

वनिताचे वडील पायरीवर तसेच बसले. काकू माझ्याकडे वळल्या. "दीड महिना? आणि हे तू आज सांगतेस?"

"मला वाटलं... विचारणं बरं दिसत नाही."

"बरं दिसत नाही!" काकू म्हणाल्या. एवढंच. मग त्यांनी पदर खोचला. "रडू नकोस, त्याला वेळ नाहीये. आठव. काय आणायची ती? कशाचा वास, कसली माती, काही?"

मी गवताच्या काड्या सांगितल्या, संत्र्यांच्या सालींचा वास सांगितला. काकूंना अर्धं मिनिटही लागलं नाही. "संत्र्याच्या पेट्यांत गवत घालतात. मार्केट यार्ड. चल."

काकूंच्या मोपेडवर मागे बसून मी भर उन्हात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेले. तिच्या वडिलांना रिक्षानं मागून यायला सांगितलं. रस्ताभर मी कालवे बघत होते, रेल्वेच्या पुलाचा विचार करत होते, आणि काय काय विचार करत होते ते लिहवत नाही. फळबाजारात घोट्यापर्यंत गवत साचलेलं. ट्रक, हातगाड्या, ओरडा, सडक्या फळांचा आंबूस दर्प. काकू एका रांगेला लागल्या. "तू तिकडून विचार."

जन्मात मी अनोळखी माणसाला वेळसुद्धा विचारली नव्हती. त्या दिवशी मी हमालांना विचारलं, अडत्यांना विचारलं, चहाच्या गाड्यावर विचारलं. उंच मुलगी, लांब वेणी, कमी बोलते. पहिल्याला विचारताना माझा आवाजच फुटला नाही. त्यानं पाठीवरची पेटी न उतरवता "काय?" केलं आणि मी पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. पाचव्या-सहाव्या गाळ्यापर्यंत मी ओरडत होते. मला वेड्यासारखं एकच वाटत होतं : हे इतकं अवघड नव्हतं. हे दीड महिन्यापूर्वी, बंद खोलीत, एका माणसाला विचारायचं होतं फक्त.

संत्र्यांच्या गाळ्यावरच्या म्हाताऱ्या अडत्यानं चष्मा वर केला. "भंडाऱ्याची पोरगी? रोज येते की. तिकडच्या गाड्या लागतात ना इथं, ड्रायव्हर लोकांजवळ बसते. पेट्या निवडायला मदत करते. त्यांचं बोलणं ऐकत बसते नुसती."

"आज?"

"आज गेली. सकाळी नागपूरची रिकामी गाडी परत निघाली, तिच्यात. मीच बसवून दिली. घरी जायचंय म्हणाली, रडत होती. ड्रायव्हर साठीचा आहे, माझ्या ओळखीचा. पोचवेल नीट."

तेवढ्यात तिचे वडील रिक्षातून उतरले. ऐकलं. ज्या मुलीला भेटायला ते चोवीस तास गाडीत बसून आले, ती त्याच सकाळी त्यांच्याच घराकडे निघाली होती. ते म्हणाले, "पोरगी ट्रकात... एकटी..."

दोन वाजून गेले होते. वाघोलीच्या व्हरांड्यात माझा नंबर पुकारला गेला असेल, आणि बत्तीसही. त्या दिवशी आम्हा दोघींच्या वतीनं कोणी ओ दिली नाही. त्या विषयात मी राहिले. वाईला घरी सांगताना बाबा काय बोलले ते आठवतसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वनिताचे वडील काकूंच्या फोनसमोर बसून होते. काकूंनी त्यांना दोनदा वाढलं आणि दोनदा ताट तसंच उचललं. फोन शेवटी त्यांच्या गावच्या पोस्टातूनच आला. पोचली. त्यांनी रिसीव्हर ठेवला, भिंतीकडे तोंड केलं आणि लहान मुलासारखे रडले. मग वर येऊन पोरीचं सामान बांधायला लागले. मी हाताखाली देत होते. तिच्या वह्यांत सेमिनारच्या त्या शीटा होत्या, कागदात गुंडाळून नीट ठेवलेल्या. "माही पोरगी कमी बोलते जी," ते स्वतःशीच म्हणाले. "वाटलं होतं, पुण्यात शिकंल बोलाले."

वनिता परत आली नाही. मी जूनमध्ये पत्र लिहिलं, जुलैत लिहिलं. उत्तर नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी वाईला न जाता तिच्या गावी गेले. आयुष्यात पहिल्यांदा न बोलावता कोणाच्या दारात उभी राहिले. धानाची कापणी चालली होती आणि सगळ्या गावाला ओल्या पेंढ्यांचा वास येत होता. दार तिनंच उघडलं. वेणी कापून टाकलेली. तिनं मला आत घेतलं, पाणी दिलं. आम्ही ओसरीवर बसलो, सवयीनं अर्धवट पाठमोऱ्या.

"मी हसले होते," मी म्हणाले. नऊ महिने घशात अडकलेलं बाहेर आलं आणि काहीच झालं नाही.

"माहीत आहे," ती म्हणाली. "सारेच हसले."

"मी तुझी हजेरी लावत होते. रोज."

ती अंगणाकडे वळली. "एखाद्या दिवशी नसती लावली, तर कोणी तरी शोधत आलं असतं मेधा."

मग तीच पुढे बोलली. इतकी सलग वाक्यं तिच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती. "सकाळी निघताना मी दार लावायला किती वेळ लावायची. कडी काढायची, पुन्हा घालायची. तू जागी असायची, भिंतीकडे तोंड करून. मले समजत होतं. वाटायचं, आज विचारंल ही, कुठं चालली म्हणून. विचारलं असतं तर सांगितलं असतं मी. साऱ्या पुण्यात फक्त तुलेच सांगितलं असतं."

मला खरोखर ते माहीत होतं. ती कडी मी रोज ऐकत होते. तिला संकोच वाटू नये म्हणून मी श्वाससुद्धा हळू घ्यायचे.

"आणि आता?" मी विचारलं. "आता कशी आहेस?"

वनितानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"आता नको विचारू," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

मागच्या दारानं तिची आई शेतातून आली असावी. पेंढी टाकल्याचा आवाज झाला. "कोण आली व बाई?" आईनं आत विचारलं.

स्टोव्हला पंप मारत वनिता म्हणाली, "पुण्याची आहे एक. कॉलेजातली."